कॉम्पॅक्ट कॅमेरा घेताय? आधी भंडाऱ्याचं बघा

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आलेल्या भाच्यानं विषय काढला. "मामा, खिशात मावेल असा कॅमेरा घ्यायचाय. कुठला घेऊ सांग की." कशाला पाहिजे विचारलं, तर म्हणाला, "असंच, रोजचे फोटो काढायला."

हे "असंच" लई महागात पडतं. मीही असाच गेलो होतो. दुकानात ज्या डबीवर झूमचा आकडा सगळ्यात मोठा होता ती उचलली. वर्ष झालं नसेल, गावात लक्ष्मीची यात्रा आली. बेळगाव-खानापूर भागात जे राहतात त्यांना सांगायला नको. देवीचा गाडा हलला की मुठीमुठीनं भंडारा, म्हणजे हळदीची पूड, उधळतात, माणसं, बैल, घरांची कौलं, सगळं पिवळं. मी गाड्याच्या पुढं उभा राहून कॅमेरा चालू-बंद, चालू-बंद करत फोटो काढत होतो. शेवटच्या वेळी बटण दाबलं तर लेन्स अर्धी बाहेर येऊन थांबली, आतून जात्यात खडा अडकल्यासारखा गर्र आवाज आला आणि पडद्यावर लेन्स एरर. दुरुस्तीवाल्यानं पांढरा कागद पसरला, चार बारीक स्क्रू काढले आणि नळकांडं कागदावर हळूच ठोकलं. चिमूटभर हळद पडली. "देवी आलीया ओ सावकार तुमच्या कॅमेऱ्यात," म्हणाला, आणि दुरुस्तीचा जो आकडा सांगितला त्यात थोडी भर घालून दुसरा कॅमेरा आला असता.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी कॅमेऱ्याचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, वर्षभरात तू कुठं कुठं उभा असतोस? पावसात, यात्रेत, रात्रीच्या मिरवणुकीत, की घरात पोरांच्या मागं? हे कळलं की अर्धे कॅमेरे आपोआप गळतात.

पहिलं काम: मोबाईलची गॅलरी चाळा

दुकानात जायच्या आधी एक संध्याकाळ काढा. मोबाईलमधले शेवटचे दोन-तीनशे फोटो बघा आणि कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात अंधारात हललेले किंवा चिखलासारखे आलेले. दुसऱ्यात माणूस किंवा पक्षी फार लांब राहिला म्हणून फुकट गेलेले. तिसऱ्यात जसे पाहिजे होते तसे आलेले. व्हॉट्सअपवरून आलेले सुविचार मोजू नका.

तिसरा रकाना भरून वाहत असेल तर कॅमेरा घेऊ नका. खरंच सांगतो. दिवसाउजेडी, हातभर अंतरावरच्या गोष्टी आजचा बरा मोबाईल झकास टिपतो. त्या पैशात गोकाकचा धबधबा पावसाळ्यात दोनदा बघून या. पहिला रकाना भरला असेल तर तुम्हाला मोठा सेन्सर आणि उजळ लेन्स पाहिजे. दुसरा भरला असेल तर खरा झूम पाहिजे. दोन्ही भरले असतील तर खिसा मोकळा करावा लागेल किंवा एकावर पाणी सोडावं लागेल. दोन्ही स्वस्तात देणारा कॅमेरा मला अजून भेटलेला नाही.

दुसरं काम: सेन्सर म्हणजे काय ते फूटपट्टीनं काढून बघा

सेन्सर म्हणजे लेन्समागचा तो तुकडा, ज्यावर उजेड पडतो. पावसाच्या पाण्याला जसं भांडं, तसा उजेडाला सेन्सर. घागर ठेवली तर घागरभर, वाटी ठेवली तर वाटीभर.

पोराच्या कंपासमधली पट्टी घ्या आणि कागदावर ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा चौकोन काढा. जवळजवळ मक्याच्या दाण्याएवढा होतो. बहुतेक स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत एवढाच सेन्सर असतो, त्याला "१/२.३ इंच" म्हणतात. शेजारी १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा काढा. हा "एक इंची". नावात इंच असला तरी त्याची कुठलीच बाजू इंचभर नाही, कर्णसुद्धा सोळा मिलिमीटरच्या आतच. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांची मापं अजून चालत आलीत, म्हणून हा घोळ. याचं क्षेत्रफळ मक्याच्या दाण्याच्या चौपट. तिसरा चौकोन २३.५ बाय १५.६ चा, तो "एपीएस-सी". तो एक इंचीच्याही तिप्पट.

आता कडू गोष्ट. चांगल्या मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर त्या मक्याच्या दाण्यापेक्षा मोठा असतो, शिवाय मोबाईल एका फोटोसाठी पाच-सात फोटो घेऊन आतल्या आत जोडतो. त्यामुळे स्वस्तातला नवा कॉम्पॅक्ट घेऊन घरात ट्यूबलाइटखाली फोटो काढलात तर बायकोच्या मोबाईलपुढं मान खाली घालायची वेळ येते. त्या कॅमेऱ्याकडे झूम असतो, ऊन असलं तर त्याचा उपयोगही होतो. पण "मोबाईलपेक्षा भारी फोटो" या आशेवर घेणार असाल तर सुरुवात एक इंची सेन्सरपासूनच करा.

मेगापिक्सेलच्या नादी लागू नका. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो, आणि इंचाला ३०० ठिपके धरून छापला तरी तेरा बाय दहा इंच होतो. आजोबांचा भिंतीवरचा फोटोही बहुतेक घरांत त्याहून लहानच असतो.

तिसरं काम: लेन्सवरचे आकडे वाचायला शिका

लेन्सच्या कडेवर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं, १:१.८-२.८ असं. कॅमेऱ्याच्या दुकानात चष्मा लावून वाचण्यासारखं एवढंच. १.८ ला "एफ १.८" म्हणतात. आकडा जितका लहान तितकी लेन्सची खिडकी मोठी, तितका उजेड जास्त. पहिला आकडा झूम न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावर.

हे का महत्त्वाचं, ते आपल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत कळतं. बेळगावात चित्ररथ रात्री निघतात. गाडीवर सजीव देखावा, मावळे झालेली पोरं तलवार उगारून स्तब्ध उभी, वर हॅलोजनचा झोत, मागं काळाकुट्ट अंधार आणि खाली झांजपथक जागेवर थांबत नाही. समजा एफ १.८ च्या लेन्सला त्या उजेडात शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, सेकंदाचा साठावा भाग उघडा राहिला तरी पुरलं. तोच फोटो एफ ३.३ च्या लेन्सनं, बाकी काही न बदलता काढायचा तर सेकंदाचा अठरावा भाग लागेल. स्तब्ध उभा महाराज एखाद्वेळेस नीट येईल, झांज वाजवणाऱ्यांचे हात मात्र धुरासारखे दिसतील. आणि झूम ओढलात की आणखी वाईट. कॅनन एसएक्स७४० चा झूम ४० पटीचा, पण पूर्ण ओढल्यावर तो एफ ६.९ वर जातो. कॅनन जी७एक्स मार्क ३ चा झूम फक्त चार पटीचा, पण पूर्ण ओढला तरी एफ २.८. म्हणजे त्या टोकाला सहापट उजेडाचा फरक, आणि सेन्सर चौपट मोठा तो वेगळाच. म्हणून मिरवणुकीत माझा झूम म्हणजे माझे पाय. गर्दीतून "ओ दादा, जरा सरका की" म्हणत पुढं जायचं.

दुकानदार म्हणेल, यात स्टॅबिलायझर आहे, हलणार नाही. तुमचा हात हललेला ते सांभाळतं. समोरचा हलला तर स्टॅबिलायझर काय करणार?

आता मिलिमीटरचा आकडा. तो जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं. कॅमेऱ्याच्या माहितीत "३५ मिमी समतुल्य" म्हणून दिलेला असतो, तोच बघा. २४ म्हणजे खूप रुंद, घरातल्या खोलीत अख्खं कुटुंब मावतं. २८ मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याच्या जवळचा. ५० ते १०० मध्ये माणसाचा चेहरा सुरेख येतो. स्टेजवरच्या पोरासाठी गॅदरिंगमध्ये सहाव्या रांगेतून २०० तरी लागतो. भीमगडच्या जंगलात पक्षी टिपायचे तर त्याच्याही किती पुढं, पण तो नाद खिशातल्या कॅमेऱ्याचा नव्हे. डबीवर "डिजिटल झूम" लिहिलेलं असेल ते वाचून विसरून जा. ती नुसती कापाकापी आहे.

माझा कल सांगतो. नवख्या माणसाला २४ ते १०० आणि एफ १.८ पासून सुरू होणारी लेन्स पुष्कळ होते. कॅननची जी७एक्स मालिका त्यातलीच. सोनी आरएक्स१०० चे पहिले दोन अवतार २८ ते १०० चे, तेही जवळचेच. सोनीचा आरएक्स१०० पहिल्यांदा २०१२ मध्ये आला, आणि त्याचे जुने मॉडेल आजही वापरलेल्या बाजारात मिळतात. २०१९ चा मार्क ७ दोनशे मिलिमीटरपर्यंत जातो, पण त्याची लेन्स एफ २.८ पासून सुरू होते. गॅदरिंगवाल्यांनी तो घ्यावा, मिरवणूकवाल्यांनी जी७एक्स.

रिको जीआर ३ आणि फुजीफिल्म एक्स१००व्हीआय यांची नावं तुम्ही ऐकली असतील. दोन्हीचा सेन्सर एपीएस-सी, दोन्हीला झूमच नाही. रिको २५७ ग्रॅमचा, खरोखर शर्टाच्या खिशात जातो. फुजी ५२१ ग्रॅमचा, तो खिशात घातला तर खिसा खाली येतो. हौस म्हणून दोन्ही देखणे, पण पहिला कॅमेरा म्हणून एवढा महाग बिनझूमचा कॅमेरा मी भाच्याला घेऊ दिला नसता. आधी एक वर्ष फोटो तर काढ.

चौथं काम: पाऊस, धूळ आणि भंडारा

इथंच आपल्या भागाचं वेगळं पडतं. कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत भंडारा नसतो.

चालू केल्यावर लेन्स बाहेर येते आणि बंद केल्यावर आत जाते, अशा कॅमेऱ्याचं नळकांडं म्हणजे पिचकारीच. आत जाताना नळीवरची धूळ घेऊन जातं. निपाणीला तंबाखूच्या वखारीत, खानापूरच्या लाल मातीच्या रस्त्यावर किंवा यात्रेत हा कॅमेरा सारखा चालू-बंद करू नका. चालू केला तर चालूच ठेवा. काम झाल्यावर बंद करायच्या आधी बाहेर आलेल्या नळीवर रबरी पंपानं चार फुंकरा मारा, मऊ ब्रशनं कडा झाडा आणि मगच बंद करा. ओल्या फडक्यानं हळद पुसायला जाऊ नका, तिचा लेप होतो आणि फटीत बसतो. तोंडानं फुंकर मारली तरी थुंकीचा शिंतोडा उडतो. माझा कॅमेरा गेला तेव्हा यातलं एकही मला ठाऊक नव्हतं. रिकोचंही हेच दुखणं आहे, सेन्सरवर धूळ चिकटून बसली की बहुधा कॅमेरा उघडल्याशिवाय निघत नाही.

पावसाचं तसंच. आषाढात जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट या पट्ट्यात छत्रीसुद्धा लाजते. जो वर्षातले तीन महिने तिकडं भटकतो, किंवा ज्याला भात लावणीचे फोटो चिखलात उतरून काढायचेत, त्यानं ओएम सिस्टम टीजी-७ कडं बघावं. लेन्स बाहेर येतच नाही, सगळी हालचाल आतल्या आत, आणि पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालतो. भंडारा उडाला तर नळाखाली धुवायचा. पण सेन्सर तोच मक्याचा दाणा. लेन्स एफ २ पासून सुरू होते म्हणून थोडं निभावतं, तरी रात्रीच्या मिरवणुकीत त्याच्याकडून फार अपेक्षा नको. फुजीला पाण्यापासून वाचवायचं तर पुढं वेगळी रिंग आणि फिल्टर लावावा लागतो, नुसता घेतला तर पुढची बाजू उघडीच.

बाकीच्यांनी झिपची जाड प्लास्टिक पिशवी जवळ ठेवायची. आणि एसी गाडीतून घाटातल्या दमट हवेत उतरल्या उतरल्या कॅमेरा काढायचा नाही, काचेवर बाष्प धरतं. पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं राहू दे, तोवर चहा घ्या.

पाचवं काम: दुकान

संध्याकाळी, ऊन उतरायच्या जरा आधी जा. सकाळी सगळेच कॅमेरे हुशार असतात. स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा, दुकानदाराला विचारून त्याच्याच कॅमेऱ्यात घाला आणि तीन फोटो काढा: दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्याचा, काउंटरमागच्या माणसाच्या चेहऱ्याचा आणि बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरचा. घरी येऊन मोबाईलच्या तशाच फोटोंशेजारी बघा. दुकानातून निघायच्या आधी रस्त्यावरही या आणि पडदा उन्हात दिसतो का बघा. नाही दिसला तर डोळा लावायची खिडकी असलेला कॅमेरा शोधा. अंगठा ठेवायला जागा आहे का, मेनूत तुम्ही हरवता का, हेही हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

भाव करताना खडेबाजारात मराठी, कन्नड, हिंदी एकाच वाक्यात येतात. आपण "एष्टु?" म्हणून सुरुवात केली की दुकानदार हसतो, पण भाव काही कमी करत नाही. बिल मात्र पक्कं घ्या, त्यावर कॅमेऱ्याचा सिरियल नंबर पाहिजे आणि वॉरंटी भारतातल्या कंपनीची पाहिजे. "इंटरनॅशनल वॉरंटी आहे" असं कुणी म्हणालं तर तिथंच फोन लावून सर्व्हिस सेंटरला विचारा की हा माल तुम्ही हातात घ्याल का. सेंटर हुबळीला आहे, कोल्हापूरला, की थेट बेंगळुरूला, हेही त्याच फोनवर विचारा. पन्नास रुपयांचा स्क्रू बसवायला रात्रभराचा प्रवास कुणी सांगितलाय?

वापरलेला घेणार असाल तर खिशात टॉर्च असू द्या. लेन्स उघडून समोरून तिरका झोत टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा पावडरीसारखे डाग दिसले तर ती बुरशी, आपल्या दमट हवेची देणगी. नमस्कार करून बाहेर पडायचं. नंतर कान लेन्सशी नेऊन कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा, आवाज दहाही वेळा सारखा आला पाहिजे. एफचा सगळ्यात मोठा आकडा लावून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतील. बॅटरी टेबलावर ठेवून बोटानं फिरवा, भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगलीय. आणि मूळ बिल मागा. चोरीचा माल स्वस्त असतो, पण नंतर स्टेशनात बसावं लागतं.

हल्ली कॉलेजच्या पोरांना वीस वर्षांपूर्वीचे जुने डिजिटल कॅमेरे पाहिजेत, त्यातले रंग वेगळे दिसतात म्हणे. घ्या, गंमत आहे. फक्त कार्ड बघा. एसडीएचसी कार्ड २००६ मध्ये आलं, त्याआधीच्या कॅमेऱ्याला २ जीबीच्या वरचं कार्ड बहुधा कळत नाही. काहींना एक्सडी किंवा मेमरी स्टिक लागते, ती शोधण्यातच सुट्टी संपते. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा मिळाला तर उत्तम. जांबोटीच्या पानपट्टीतही सेल मिळतो.

कॅमेऱ्याशिवाय आणखी तीन गोष्टींचे पैसे बाजूला ठेवा. दुसरी बॅटरी, कारण रिको जीआर ३ एका चार्जमध्ये दोनशेच्या आसपास फोटो देतो आणि आरएक्स१०० मार्क ७ अडीचशेच्या आसपास. ओळखीच्या दुकानातून घेतलेलं ६४ जीबीचं व्ही३० कार्ड (व्ही३० हा लिहिण्याच्या वेगाचा छाप). आणि मनगटाला अडकवायचा दोरा. डबीत आलेला असतो, पण लोक तो डबीतच ठेवतात.

पहिला आठवडा

तारीख-वेळ लावा, नाहीतर दहा वर्षांनी यात्रा कुठल्या सालची यावर घरात भांडण. डिजिटल झूम बंद, फ्लॅश बंद. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा, ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२०० करा, एक इंची सेन्सरला तेवढं झेपतं. पोरांच्या मागं धावायचं असेल तर शटर सेकंदाच्या १/१२५ पेक्षा हळू होऊ देऊ नका.

मग अधिक-उणेचं बटण शोधा. हे एक बटण शिकलात तरी पैसे वसूल. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं. धुक्यातला राजहंसगड टिपलात तर तो धुकं मळकट करून टाकतो. अधिक १ करा, धुकं पांढरं होतं. पांढरं धोतर नेसलेल्या आजोबांना अधिक ०.७. उलट बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात गेलात, तर तिथले काळेशार गुळगुळीत खांब तो राखाडी करतो. तिथं उणे ०.७. त्या बस्तीचं बांधकाम १२०४ सालचं, आणि आतला अंधारही बहुधा तेव्हापासूनचाच आहे. त्यामुळे उजळ लेन्सची परीक्षा घ्यायला बेळगावात त्याहून चांगली जागा नाही. फ्लॅश न वापरता, खांबाला खांदा टेकवून, श्वास धरून काढा.

बेळगावच्या कॅम्पात मात्र जपून. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथं आहे, लष्करी भिंती, फाटकं आणि जवान यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. सांबऱ्याला हवाई दलाच्या आवाराजवळही तेच. यात्रेत अंगात आलेल्या बाईचा फोटो काढायच्या आधी तिच्या घरच्यांना विचारा. नको म्हणाले तर नको.

जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या पाकिटात कपाटात ठेवू नका, बुरशीला तेच पाहिजे असतं. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात ओल शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून परत निळे करायचे. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणीतरी देईलच. आपल्याकडचा बासमती कितीही वासाचा असला तरी त्याची पूड लेन्सच्या फटीत जाते. आणि महिन्यातून दोनदा कॅमेरा बाहेर काढून वापरा. पडून राहिलेल्यालाच बुरशी धरते.

भाचा तीन रकान्यांचा कागद घेऊन पंधरा दिवसांनी परत आला. पहिला रकाना गच्च: मुलीचा वाढदिवस, रात्रीची कबड्डी, गणपतीची आरती. दुसऱ्यात चार-पाचच. आम्ही वापरलेला एक इंची जी७एक्स बघितला, टॉर्च मारली, दहा वेळा कानाशी धरला आणि घेतला. परवा त्याच्या गावची यात्रा होती. फोन केला तर मागं ढोल-ताशा वाजत होता. कॅमेरा कुठाय विचारलं. "डब्यात, मामा. घरात. मी मोबाईलवर काढतोय."